सांग आणि नीघ

आमच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली की लोक लिफ्ट कंपनीला फोन करत नाहीत, मला करतात. कारण मी त्याच कंपनीत नोकरीला आहे, आणि त्या लिफ्टचा प्रोग्राम माझ्या बाबांनी लिहिलेला आहे. म्हणजे चूक कोणाचीही असो, शिव्या आमच्याच घरात जमा. तिसऱ्या मजल्यावरचे वकील मला जिन्यात गाठून विचारायचे, "काय हो, आज तुमची लाडकी कुठे अडकली?" मी हसायचे नाही. त्या दिवसांत मी कुठल्याच विनोदाला हसत नव्हते.

बाबांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवा हात आणि उजवा पाय ढिला पडला आणि हॉस्पिटलातून ते चौथ्या मजल्यावर, घरी परत आले. जीभ मात्र शाबूत होती, नको तितकी शाबूत. तळमजल्यावर फिजिओथेरपीच्या बाईंचं क्लिनिक आहे, एवढं एक आमचं नशीब. तिथे दोन बाजूंना कठडे लावलेली एक छोटी वाट आहे. तिच्यावरून बाबांनी रोज चालायचं, पाय पुन्हा शिकवायचा. बाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. "सुरुवातीचे काही महिने पाय ऐकतो. नंतर तो हट्टाला पेटतो. तेवढ्यात जे होईल ते होईल, त्यानंतर माझ्या हातात काही नाही." ते कठडे वर आणता येण्यासारखे नव्हते. बाबांना खाली जाणं भाग होतं, आणि खाली जायला लिफ्टच होती.

आणि लिफ्टने नेमका हाच मुहूर्त धरला. आयुष्यभर कधी त्रास न दिलेली ती बाई दर एक दोन दिवसांनी मधेच थांबायला लागली. पडत वगैरे नाही, ब्रेक वेगळे असतात, ते आपोआप धरतात. पण दोन मजल्यांच्या मधे थांबायची आणि कुठलंही बटण दाबलं तरी ढिम्म. मग वॉचमनने गच्चीवर जायचं, मेन स्विच खाली करायचा, वर करायचा, की लगेच काही झालंच नाही अशी शहाण्यासारखी चालायला लागायची.

एकदा बाबाच आत सापडले. बरोबर त्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या मावशी होत्या. वॉचमन नेमका पाण्याच्या टाकीच्या कामाला गेला होता, त्यामुळे कोणी वर जाईपर्यंत बराच वेळ गेला. वॉकर धरून उभं राहता राहता बाबांचा पाय मुडपला आणि ते लिफ्टच्या फरशीवर बसले. मी ऑफिसातून धावत आले तेव्हा ते घरी खुर्चीत होते, कपडे मळलेले, आणि चेहरा असा की जणू कोणी जाहीर सभेत त्यांचा अपमान केला असावा.

"आता मी त्या लिफ्टमध्ये पाऊल टाकणार नाही," ते म्हणाले.

"आणि व्यायाम?"

"आधी ती दुरुस्त होऊ दे."

"मी उद्याच बघते."

"तू नाही. प्रोग्राम माझा आहे. मी बघेन."

इथून माझ्या डोक्याला खरा ताप सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात साहेबांकडे गेले. आमच्या साहेबांना सगळे पाठीमागे 'पाहू' म्हणतात, कारण त्यांच्याकडे काहीही घेऊन गेलं की ते मान हलवून म्हणतात, पाहू. मी सांगितलं, आपण बसवलेली पहिली लिफ्ट बंद पडतेय, जुना प्रोग्राम तपासायला हवा.

"ते मॉडेल आता कुठे आहे? बाकी सगळीकडे कंट्रोल बोर्ड बदलले आपण."

"आमच्या इमारतीत आहे. एकच."

"मग बोर्ड बदलून टाका ना."

"नवा बोर्ड त्या मोटरला लागत नाही, सर. मोटर बदलायची म्हणजे लिफ्ट महिनोन् महिने बंद. मला फक्त जुना प्रोग्राम द्या. मूळ, वाचता येईल असा."

त्यांनी दोघाचौघांना विचारलं. सर्व्हर बदलताना तो प्रोग्राम गाळला गेला होता. वापरात नाही म्हणून कोणीतरी पुसून टाकला होता आणि पुसणारा माणूसही नोकरी सोडून गेला होता. "तुमच्या वडिलांकडे असेलच की," साहेब म्हणाले. "नाहीतर पाहू." मी दार जरा जोरातच ओढून घेतलं.

असणारच होता. तो त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर होता, लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा तो जुना कंपायलरही तिथेच होता, आणि त्या कॉम्प्युटरसमोर आता बाबा सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण मांडून बसलेले असायचे. डाव्या हाताच्या एका बोटाने एकेक अक्षर. दहा ओळी वाचायच्या, मधेच थांबायचं, परत वरून सुरुवात. मी जवळ गेले की कीबोर्डवर हात आडवा. बघू द्यायचे, हात लावू द्यायचे नाहीत. लहान मूल खेळणं धरतं तसं धरून बसलेले. मी एकदा म्हटलं, "बाबा, मी याच कामाचा पगार घेते हो." तर म्हणाले, "मग पगार देणाऱ्याचं काम कर, ठिणगे. हे माझं आहे."

ठिणगी हे त्यांनी मला लहानपणी दिलेलं नाव. मी लगेच पेटते म्हणून. आणि मग पेटवायचं कामही स्वतःच करायचं.

सी ही प्रोग्रामिंगची भाषा मला त्यांनीच शिकवली. कॉलेजात शिकण्याच्या कितीतरी आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आई तिथेच भाजी निवडत असताना. त्यांची एक ठाम पद्धत होती आणि लिफ्टचा अख्खा प्रोग्राम त्यांनी त्याच पद्धतीने लिहिला होता. लिफ्टच्या प्रत्येक अवस्थेचं एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा तुकडा. थांबून राहणं हे एक, वर जाणं हे एक, दार उघडणं हे एक, दार मिटणं हे एक. प्रत्येकाने आपलं काम करायचं आणि शेवटच्या ओळीत पुढच्याला बोलवायचं. थांबलेलीने 'वर जा'ला, 'वर जा'ने 'दार उघड'ला, 'दार उघड'ने 'दार मीट'ला, त्याने पुन्हा थांबलेलीला. असं गोल गोल, लिफ्ट आहे तोवर.

मी तेव्हा विचारलं होतं, "पण प्रत्येक फंक्शन आपण बोलावलेल्याची वाट बघत बसतं ना? मग वाट बघणाऱ्यांची केवढी रांग लागेल!" शंका बरोबर होती. फंक्शन कामाला लागलं की मेमरीत स्टॅक नावाच्या जागेवर आपल्यापुरता एक कोपरा अडवतं, स्वतःचे आकडे तिथे ठेवतं, आणि बोलावलेला परत येईपर्यंत तो कोपरा सोडत नाही. गोल गोल फिरणाऱ्या प्रोग्राममध्ये परत कोणीच येत नाही. म्हणजे कोपऱ्यावर कोपरा चढत एक दिवस जागा संपणार.

बाबा खूश झाले होते. म्हणाले, "बोलावणं जर अगदी शेवटच्या ओळीत असेल, त्यानंतर स्वतःचं काहीच काम उरलं नसेल, तर थांबायचं कशाला? हुशार कंपायलर हे ओळखतो. तो तिथे बोलावणं ठेवतच नाही, सरळ उडी टाकतो. आधीच्याचा कोपरा रिकामा, त्यातच पुढचा येऊन बसतो. रांग लागतच नाही. लक्षात ठेव. शेवटचं काम दुसऱ्याला सांगायचं असेल तर सांग आणि नीघ. उत्तराची वाट बघत उभं राहायचं नाही."

"हे फंक्शनला सांगताय की आम्हाला?" आई म्हणाली होती. ती बाहेर जायला निघाली की बाबा दारात दहा सूचना द्यायचे आणि ती परत येईपर्यंत गॅलरीत फेऱ्या मारायचे.

नंतर आईची नजर गेली. एकदम नाही, हळूहळू, पण गेली. लिफ्टमधला लाल आकडा तिला दिसेना, दोनदा चुकून दुसऱ्याच मजल्यावर उतरली आणि परक्या दाराला किल्ली लावत बसली. तेव्हा बाबांनी प्रोग्राममध्ये भर घातली. दार उघडलं की जितवा मजला तितक्या वेळा टिंग. तळमजल्याला एक लांब टिंग. आई कानाने मोजायची. शिवाय आमच्या मजल्यावरच्या बोळात अंधार, लिफ्ट बोलवायचं बटण तिला चाचपडावं लागायचं, म्हणून बाबा ऑफिसला जाताना खाली उतरता उतरता आतलं चारचं बटण दाबून रिकामी लिफ्ट वर पाठवून द्यायचे. वर चार टिंग वाजले की आई पर्स घेऊन निघायची. ती गेल्यालाही आता दोन वर्षं होतील. टिंग वाजतच असतात. इमारतीत कोणाला ते कशासाठी आहेत हे माहीतही नाही. वकिलांना ते फॅशन वाटतात.

तर असे बाबा कॉम्प्युटरला चिकटलेले आणि पायाचे महिने चाललेले. फिजिओच्या बाई दोनदा वर येऊन गेल्या, घरातल्या घरात काय करता येईल ते दाखवून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "घोटा आवळायला लागलाय." एवढंच. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडून आले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, रागाने. एका लिफ्टपायी माणसाचा पाय जाणार होता आणि तो माणूस मला कीबोर्डला हात लावू देत नव्हता.

मला कळत नव्हतं ते एकच. इतकी वर्षं न बिघडलेला प्रोग्राम आता का बिघडावा? लाकूड कुजतं, लोखंड गंजतं. टिंग घातल्यापासून प्रोग्रामचं अक्षरही हललेलं नाही. बोर्ड तपासला, तारा तपासल्या, रविवारी मशीनच्या खोलीत बसून धूळ खाल्ली. काही नाही.

ते कळलं वॉचमनकडून, आणि तेही तो कुरकुरत होता म्हणून. "ताई, रोज गच्चीवर पळवताय मला. आधी बरं होतं, रात्री बटण खाली, सकाळी बटण वर, मधे काही कटकट नाही."

"कसलं बटण?"

"लिफ्टचं. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना तिचा आवाज होतो ना, झोप येत नाही. म्हणून पहिल्यापासून रात्री लिफ्ट बंद. तुम्हीच सांगितलंत ना, तुमचे बाबा हॉस्पिटलातून आल्यावर, आता बंद करू नको म्हणून?"

सांगितलं होतं. रात्री बाबांना काही झालं तर स्ट्रेचर कुठून उतरवणार, म्हणून मीच सोसायटीच्या मागे लागून, पहिल्या मजल्याच्या आजोबांशी भांडून लिफ्ट रात्रीही चालू ठेवायला लावली होती. मी जिन्यातच बसले. बंद केलं की मेमरी कोरी होते. म्हणजे कुठेतरी थोडं थोडं साचत होतं, वर्षानुवर्षं, आणि रोज रात्री वॉचमन ते नकळत झाडून टाकत होता. एका दिवसात जागा भरत नव्हती. मी झाडू थांबवला आणि दुसऱ्या दिवशी ती भरायला लागली. बाबांच्या काळजीने मी जे केलं, त्यानेच बाबांना फरशीवर बसवलं होतं. आता यात कोणावर चिडायचं?

मी वर गेले आणि बाबांना सांगितलं. ते ऐकत होते, स्क्रीनवरून नजर न काढता.

"म्हणजे वॉचमन रोज पहाटे एकदा बंद-चालू करेल," मी म्हटलं. "तोवर तरी खाली चला."

"ठोकून, हलवून चालवायला ती काय जुना मिक्सर आहे? मी नाही बसणार."

साहेबांना मात्र हा उपाय फार आवडला. "झालं की मग! रोज बंद-चालू. सुटसुटीत." मी म्हटलं, सर, आणि एखाद्या दिवशी वॉचमन विसरला तर? ते म्हणाले, पाहू.

त्या शनिवारी मी ठरवलं की आज काय ते होऊन जाऊ दे. मावशींना सुट्टी दिली, खुर्ची ओढली आणि बाबांच्या खांद्याला खांदा लावून बसले. "हात लावत नाही. पण पानं उलटा. मला सगळं वाचायचं आहे." त्यांनी उलटली, बोटाने, एकेक. मी मनातल्या मनात दातओठ खात वाचत राहिले. फंक्शनं खरंच सुंदर लिहिली होती. प्रत्येकाच्या शेवटी पुढच्याला बोलावणं, त्यानंतर काहीही नाही. आणि मग आलं 'दार उघड'.

"थांबा. ही ओळ."

"कुठली?"

"टिंगची. तुम्ही टिंग वाजवणाऱ्या फंक्शनला मजल्याचा आकडा दिलेला नाही. आकडा मेमरीत कुठे ठेवलाय त्याचा पत्ता दिलाय."

"मग? शेवटची ओळ बघ. शेवटच्या ओळीत काय आहे? 'दार मीट'ला बोलावणं. त्याच्यानंतर काही आहे का? नाही. मग कंपायलरने उडी टाकलीच पाहिजे."

"पाहिजे म्हणून कोणी टाकत नाही, बाबा! सीच्या नियमांत कुठेही तसं लिहिलेलं नाही. जमलं तर टाकतो, ती त्याची मेहेरबानी. इथे त्याला जमत नाही. आकडा या फंक्शनच्या कोपऱ्यात आहे आणि त्या कोपऱ्याचा पत्ता तुम्ही बाहेर देऊन ठेवलाय. ज्याला दिला तो टिंग वाजवून विसरला की अजून त्याच्याकडे आहे, हे कंपायलरला काय माहीत? कोपरा मोडला आणि मागून कोणी त्या पत्त्यावर आलं तर? म्हणून तो उडी टाकत नाही. कोपरा धरून वाट बघत बसतो. दर वेळी दार उघडलं की एक कोपरा. संध्याकाळपर्यंत शेकड्यांनी!"

बाबा पान परत वर सरकवायला लागले. मला वाटलं, नेहमीसारखा हट्ट. माझा फ्यूज उडाला.

"तुम्हीच शिकवलंत ना मला? सांग आणि नीघ? आणि तुम्ही काय करताय? निवृत्त झालात, तरी प्रोग्राम सोडवत नाही. हात चालत नाही, तरी कीबोर्ड सोडवत नाही. तिकडे पाय चाललाय हातचा! तुमची चूक आहे एवढं म्हणायला इतकं जड जातं? म्हणू नका. कोणाला सांगत नाही मी. फक्त बाजूला व्हा!"



"मला माहीत आहे ती ओळ," बाबा म्हणाले.

"काय?"

"पहिल्याच दिवशी सापडली. लिफ्टमध्ये खाली बसलो होतो ना, तिथेच शंका आली होती. आधीच्या प्रोग्राममध्ये काही नव्हतं. एवढी एकच ओळ मागाहून घातलेली. तिच्यासाठी, घाईघाईत."

"मग इतके दिवस तुम्ही करताय काय?"

त्यांनी डावा हात उचलला, स्क्रीनकडे नेला आणि मधेच थांबवला. "ओळ काढली की लिफ्ट सुधारेल. तेवढं कळतं मला. पण ती काढायची नाही. मग न काढता काय करायचं? ते माहीत आहे मला, ठिणगे. होतंच माहीत. मी त्या ओळीपर्यंत येतो आणि... पुढचं येत नाही. परत वरून वाचत येतो. वाटतं या वेळी येईल." मग म्हणाले, "तुला हात लावू दिला असता तर सरळ काढून टाकली असतीस. तुला काय, एक टिंग."

असं काही ऐकलं की राग विरघळतो म्हणतात. माझा विरघळला नाही. तो बाबांवरून उठला आणि कुठे बसावं ते न कळून माझ्यावरच येऊन बसला. स्वतःच्या मुलीला एवढंही विचारता येऊ नये? आणि मी त्यांच्या शेजारी बसून त्यांना हट्टी, हट्टी म्हणत होते, तेव्हा ते रोज त्या एका ओळीपाशी येऊन अडत होते.

"काढायची नाही," मी म्हटलं. माझा आवाज जरा वाकडाच निघाला. "पत्त्याच्या जागी आकडा द्यायचा. त्या बाजूला पत्ता घेतात तिथेही आकडाच घ्यायचा. इथलं एक चिन्ह खोडायचं, तिथलं एक. पत्ता बाहेर गेलाच नाही तर कंपायलर कशाला अडेल? टिंग राहतात."

"एवढंच?"

"एवढंच."

"हे तर मी तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं."

"हो. मग?"

बाबांनी डाव्या हाताने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. तो मधेच एका वायरीला अडला, तर कोपराने ढकलला.

दोन चिन्हं खोडायला किती वेळ लागतो? बाबा शेजारी असतील तर अर्धा तास. आधी कॉपी ठेव, मग बदल. कंपायलरची हुशारी, म्हणजे ऑप्टिमायझेशन, चालू आहे ना ते बघ, नाहीतर एकही उडी पडायची नाही. स्पेस किती दिल्यास. मी दात आवळून सगळं केलं. मग कंपायलरने शेवटी बोर्डासाठी काय लिहिलं ते उघडून दोघांनी वाचलं. 'दार उघड'च्या तळाशी आधी बोलावणं होतं. आता तिथे उडी होती. मी ती ओळ बोटाने दाखवली. बाबांनी ती मोठ्याने वाचली आणि मग परत एकदा वाचली.

"मी असते तर हे सगळं एका साध्या लूपमध्ये लिहिलं असतं," मला राहवलं नाही. "कोणाच्या मेहेरबानीवर विसंबायचं कशाला?"

"तू असतीस तर ते कोणाला वाचता आलं नसतं," बाबा म्हणाले.

रविवारी मी गच्चीवर जाऊन नव्या प्रोग्रामची चिप बसवली. वॉचमनला बजावलं, रात्री बटणाला हात लावायचा नाही. लिफ्ट चालत राहिली. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, पुढच्या रविवारपर्यंत ती एकदाही अडली नाही. वकील हवापाण्याबद्दल बोलायला लागले. साहेब म्हणाले, "बघा, झालं ना आपोआप?" मी तिकडे दुर्लक्ष केलं, कारण त्याहून मोठं दुखणं घरात होतं. बाबा अजूनही खाली जायला तयार नव्हते.

"आता काय राहिलंय? तुमच्या डोळ्यांदेखत उडी पडली."

"हो."

"मग चला."

"पाहू," बाबा म्हणाले.

पाहू! मी हातातला डाव ओट्यावर आदळला. ऑफिसात एक कमी होता का? मी त्यांना घोट्याची आठवण करून दिली, बाईंची आठवण करून दिली, मी धरते म्हणाले, मावशी धरतील म्हणाले, आपण आधी नुसतं तिसऱ्यापर्यंत जाऊन परत येऊ म्हणाले. जितकं म्हणाले तितके ते गप्प झाले. शेवटी मी म्हटलं, "मरू दे. तुमचा पाय आहे." आणि मग ते बोलल्याबद्दल दिवसभर स्वतःवर चडफडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवरत होते. मावशी यायच्या होत्या. आज बाबांना काय आणि कसं समजवायचं याची मनात जुळवाजुळव करत मी केस बांधून बाहेर आले, तर बाबांची खुर्ची रिकामी. वॉकर नाही. बाथरूम उघडं. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं.

मी अनवाणीच बोळात धावले. लिफ्टच्या दारावरचा आकडा खाली सरकत होता. तीन. दोन. एकटे! वॉकर घेऊन एकटे गेले होते, मला हाकही न मारता. जिन्याकडे वळले, दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. मी धापा टाकत खाली पोचले की त्यांना काय वाटेल ते मला दिसलं. परत वर आले. परत जिन्याकडे गेले. घरात पर्समध्ये फोन वाजत होता, साहेबांचा असणार, मी घेतला नाही. लिफ्टच्या दाराला कान लावून उभी राहिले. ऑफिस, बस, मावशी, काही सुचेना. एवढंच ऐकायचं होतं की खाली दार उघडलं.

खालून लांब टिंग आला.

मग काही नाही. वॉकर टेकल्याचा आवाज वरपर्यंत येत नाही. पडल्याचाही आला नसता. मी तशीच उभी राहिले. किती वेळ गेला कोण जाणे, दोऱ्या हलल्या आणि लिफ्ट वर यायला लागली. मला वाटलं, झालं, घाबरले, परत आले. आता काय बोलू नये ते मी मनात पाठ करायला लागले.

दार उघडलं. चार टिंग वाजले. आत कोणीही नव्हतं. आतलं चारचं बटण दाबून त्यांनी लिफ्ट वर पाठवली होती, आणि आपण निघून गेले होते.

"चप्पल तरी घातलीत का?" मी त्या रिकाम्या लिफ्टवर ओरडले. दार मिटायला लागलं तशी मी मधे पाय घातला, आणि तिथेच उभी राहून डोळे पुसले. मग घरातून पर्स आणि चपला आणल्या, तोवर दार मिटून गेलं होतं, आणि मला पुन्हा बटण दाबावं लागलं.